रहस्यकथा वाचताना संकोच कशाला?

आपण नारायण धारपांच्या भयकथांपासून वाचनाला सुरुवात केलीत आणि कोणी ‘हे साहित्यच नव्हे’ म्हणाले, तर तूर्त दोनच गोष्टी सांभाळा.

१. आवडलेले पुस्तक लपवू नका. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी कितीतरी घरांत वाचनाची गोडी लावली, हे नाक मुरडणारेही (खासगीत) मान्य करतात. जयंत नारळीकरांनी १९७४ साली आपली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती टोपणनावाने. २०२१ साली मात्र नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

२. चिडून सगळ्या ‘गंभीर’ साहित्याला कंटाळवाणे ठरवू नका. नवखे वाचक ही चूक हमखास करतात.

समीक्षेचे वाद नंतर पाहू, आधी वीसेक पुस्तके वाचून होऊ द्या.