डीपीटीला नेमकं काय शिकवतात?

प्रश्न : भाची अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी’ (डीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी) करतेय. तीन वर्षं व्यायामच शिकवतात का?

उत्तर : नाही. आधी शरीररचना (बहुतेक ठिकाणी मृतदेहावर), मग चेतासंस्था, हालचालींचं शास्त्र. खरा कस मोजण्यात लागतो. गुडघ्याचा वाक मोजताना गोनिओमीटरचा (कोन मोजायच्या साधनाचा) मध्य मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या बाहेरच्या उंचवट्यावर हवा. स्थिर दांडी खुब्याच्या बाहेरच्या उंचवट्याकडे, फिरती बाहेरच्या घोट्याकडे. मध्य सरकला की कोन चुकतो आणि न झालेली सुधारणा कागदावर दिसते! म्हणून हा सराव एकमेकांवर पुन्हा पुन्हा करून घेतात, आणि तो हवाच. स्नायूंची ताकद ० ते ५ श्रेणीत. पुढे रुग्णालयांत पूर्णवेळ प्रशिक्षण. परवान्याची राष्ट्रीय परीक्षा वेगळी. २०० ते ८०० च्या मापात किमान ६०० लागतात.