यजमान देशाच्या खेळाडूला पंच खरंच झुकतं माप देतात का?

तुम्ही विचारलंय की स्पर्धा ज्या देशात भरते त्याच देशाचे खेळाडू जास्त जिंकतात, तर पंच विकले गेलेले असतात का, आणि सगळे पंच तटस्थ देशांचे नेमले की हा प्रश्न मिटेल का? पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर ‘क्वचित’ आणि दुसऱ्याला ‘अर्धाच मिटेल’.

आधी पंचांना जरा बाजूला ठेवू. यजमानांची पदकं वाढतात यात वाद नाही. ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला २००८ मध्ये बीजिंगला १९ सुवर्णपदकं मिळाली, २०१२ मध्ये लंडनला २९. जपानला रिओत १२, टोकियोत २७. फ्रान्सला टोकियोत १०, पॅरिसमध्ये १६. पण हे आकडे दाखवून लगेच पंचांकडे बोट करू नका. यजमानपद मिळाल्यापासून देश खेळांवर पैसा ओततो, कित्येक प्रकारांत यजमानांना पात्रता फेरी न खेळता थेट प्रवेश असतो, आणि आता तर यजमानांना आपल्या सोयीचा एखादा खेळही सुचवता येतो. टोकियोत कराटे आलं ते तसंच. ब्रिटनचंच पुढचं बघा. २०१६ मध्ये रिओत, म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात, त्यांनी २७ सुवर्णपदकं जिंकली. लंडनचे प्रेक्षक तिथे नव्हते, पण लंडनसाठी उभी केलेली यंत्रणा होती.

पंच नसलेल्या खेळातही घरचा फायदा असतो, आणि तो कधीकधी फार बोचतो. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये ल्यूज आणि बॉबस्ले या बर्फावरच्या घसरगाडीच्या शर्यतींची घसरपट्टी व्हिसलरला होती. कॅनडाच्या खेळाडूंनी तिच्यावर मनसोक्त सराव केला, परदेशी खेळाडूंच्या वाट्याला मोजक्याच फेऱ्या आल्या. उद्घाटनाच्याच दिवशी सरावात जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली पट्टीबाहेर फेकला जाऊन मरण पावला. अपघाताची कारणं अनेक होती, पण सरावाच्या वाटपाचा प्रश्न तेव्हा उघड्यावर आला. १९७६ आणि १९८८ मध्ये घरच्या ऑलिंपिकमध्ये एकही सुवर्ण न मिळालेल्या कॅनडाने त्या वेळी १४ सुवर्णपदकं नेली. ल्यूजमध्ये निकाल घड्याळ देतं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. लबाडीला वावच नाही, तरीही समान संधी होती असं म्हणवत नाही.

मग पंचांचा वाटा वेगळा कसा काढायचा? संशोधकांनी साधी युक्ती केली. जिथे निकाल वजन, अंतर किंवा वेळ ठरवते ते खेळ एका बाजूला आणि जिथे माणूस ठरवतो ते दुसऱ्या बाजूला ठेवले. बामर, नेव्हिल आणि विल्यम्स यांनी उन्हाळी ऑलिंपिकच्या निकालांवर हे केलं, तेव्हा ॲथलेटिक्स आणि वेटलिफ्टिंगमध्ये यजमानांचा फायदा नगण्य निघाला. बॉक्सिंग आणि जिम्नॅस्टिक्समध्ये मात्र तो ठळक दिसला. म्हणजे पाणी मुरतंय ते माणसाच्या निर्णयात.

पण मुरतंय म्हणजे लाच, असं समजण्याची घाई नको. याच नेव्हिलचा दुसरा एक प्रयोग मला फार आवडतो. ४० फुटबॉल रेफरींना लिव्हरपूल विरुद्ध लेस्टर सामन्यातल्या ४७ झटापटी टीव्हीवर दाखवल्या आणि फाउल कोणाचा ते विचारलं. अर्ध्यांना प्रेक्षकांच्या आवाजासह, अर्ध्यांना आवाज बंद करून. आवाज ऐकणाऱ्यांनी घरच्या संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. ही माणसं एका खोलीत खुर्चीवर बसलेली होती. कोणी पैसे दिले नव्हते, बाहेर पडल्यावर कोणी मारणार नव्हतं. तरी निकाल हलला. स्पेनच्या लीगमध्येही असंच दिसलं. घरचा संघ एका गोलने मागे असेल तर रेफरी जास्त भरपाई वेळ देत, पुढे असेल तर लवकर शिट्टी वाजवत. आणि कोविडमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये सामने झाले, तेव्हा पाहुण्या संघाला मिळणाऱ्या जादा पिवळ्या कार्डांचं प्रमाण खाली आलं.

मी व्हॉलीबॉलला लाइन्समन म्हणून झेंडा घेऊन उभा राहिलोय, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. स्मॅश रेषेजवळ पडतो तेव्हा दिसतो फक्त धुळीचा एक फुफाटा. आत की बाहेर हे डोक्यात पक्कं व्हायच्या आत मागून ‘आऊट’ अशी आरोळी कानावर आदळते, आणि गंमत म्हणजे ती ऐकल्यावर चेंडू बाहेर पडल्याचं ‘दिसतं’. स्वच्छ बाहेरच्या चेंडूला कोणी आत म्हणत नाही. जे चेंडू खरोखर काठावर असतात, ते सगळे हळूहळू एकाच बाजूला जातात.

आता सोलचं सांगतो, कारण तटस्थ पंचांच्या तुमच्या मुद्द्याचं खरं उत्तर तिथे आहे. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये बॉक्सिंगच्या ७१ किलो गटाच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या रॉय जोन्सने कोरियाच्या पार्क सी-हुनला अक्षरशः धुतलं. टीव्हीवाल्यांच्या मोजणीत जोन्सचे ८६ ठोसे लागले, पार्कचे ३२. निकाल ३-२ ने पार्ककडे. स्पर्धेतला सर्वोत्तम बॉक्सर म्हणून दिला जाणारा करंडक मात्र जोन्सलाच मिळाला! पार्कला मत देणारे तीन पंच कोणत्या देशांचे होते? युगांडा, उरुग्वे आणि मोरोक्को. कोरियन एकही नव्हता. कागदावर याहून तटस्थ मंडळी शोधून सापडली नसती.

लाच दिली गेल्याचा पुरावा ऑलिंपिक समितीला नंतरच्या चौकशीत मिळाला नाही. मग झालं काय? त्याच स्पर्धेत दहा दिवस आधी घडलेला प्रसंग मला इथे महत्त्वाचा वाटतो. कोरियाच्या ब्यून जाँग-इलने डोक्याने धडका दिल्या म्हणून न्यूझीलंडचे रेफरी कीथ वॉकर यांनी त्याचे गुण कापले आणि तो बल्गेरियाच्या ह्रिस्तोव्हकडून हरला. निकाल लागताच यजमानांचे प्रशिक्षक आणि पदाधिकारी रिंगमध्ये घुसले आणि त्यांनी वॉकरना मारहाण केली. ब्यून रिंगमध्येच बसून राहिला, एक तासाहून जास्त. शेवटी दिवे मालवले गेले तरी तो अंधारात बसलेला. वॉकर पुढच्या लढतींना थांबलेच नाहीत, मायदेशी निघून गेले. हे सगळं बाकीच्या पंचांनी बघितलं होतं. त्यानंतर यजमानाच्या खेळाडूविरुद्ध बटबटीत फरकाने मत द्यायला काळीज लागतं. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही; पण पासपोर्ट तटस्थ असला म्हणून माणूस त्या हॉलच्या बाहेर थोडाच असतो?

या निकालाचं ओझं पार्कनेच जास्त वाहिलं असावं. २०२३ मध्ये तो अमेरिकेत जोन्सकडे गेला आणि ते सुवर्णपदक त्याच्या हाती देऊन आला.

सोलनंतर बॉक्सिंगने बार्सिलोना ऑलिंपिकपासून गुण द्यायला बटणं आणली. पाचपैकी तीन पंचांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण. ऐकायला शास्त्रशुद्ध, प्रत्यक्षात बॉक्सर दिसेल असा एकेक ठोसा मारून पळायला लागले आणि जवळून केलेला मारा हिशेबातच धरला जाईना. २०१३ मध्ये ती पद्धत गेली. पुढे रिओत तर कुंपणानेच शेत खाल्लं. लढतींसाठी सोयीचे रेफरी आणि पंच वरूनच निवडले जात होते, असं स्वतंत्र चौकशीत २०२१ मध्ये नोंदवलं गेलं. त्यात प्रश्न यजमानाचा नव्हताच, ब्राझीलचा काही संबंध नव्हता. २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीने आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग महासंघाची मान्यता काढून घेतली.

म्हणून पंच कुठल्या देशाचा यापेक्षा मी दोन गोष्टी आधी बघतो. त्याला नेमतं कोण, आणि त्याने दिलेले गुण कोणाला तपासता येतात का.

याला आधार आहे. अर्थशास्त्रज्ञ एरिक झिट्झेविट्झ यांनी स्की जंपिंग (बर्फाच्या उतारावरून घ्यायची लांब उडी) आणि फिगर स्केटिंग (बर्फावरचं कलात्मक स्केटिंग) या दोन्हींतले गुण तपासले. ‘आपला तो बाब्या’ दोन्हीकडे आहे, परीक्षक आपल्या देशाच्या खेळाडूला थोडे जास्त देतोच. फरक पडतो तो बाकीच्या परीक्षकांच्या वागण्यात. स्की जंपिंगमध्ये एकाने हात सैल सोडला की इतर जण आपले गुण थोडे आखडते घेऊन ते भरून काढतात. स्केटिंगमध्ये उलट, इतरही त्याच्या बाजूने सरकतात, तू माझ्याला दे, मी तुझ्याला देतो. तेव्हा स्की जंपिंगचे परीक्षक आंतरराष्ट्रीय महासंघ नेमत असे, स्केटिंगचे त्या त्या देशाची संघटना पाठवत असे. आपल्याला पुन्हा पाठवायचं की नाही हे ज्यांच्या हातात, त्यांची मर्जी माणूस सांभाळतोच.

२००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हेच चव्हाट्यावर आलं. जोडी स्केटिंगमध्ये रशियाच्या बेरेझनाया आणि सिखारुलिद्झे यांना सुवर्ण मिळालं आणि फ्रेंच परीक्षिकेवर आपल्याच संघटनेचा दबाव असल्याचं प्रकरण फुटलं. शेवटी कॅनडाच्या साले आणि पेल्टिए यांनाही सुवर्ण दिलं गेलं. इथेही यजमान अमेरिका कुठेच नव्हती, हे लक्षात घ्या. त्यानंतरच्या सुधारणांत मात्र एक अजब कारभार झाला. परीक्षकांवर दबाव येऊ नये म्हणून त्यांची नावं झाकली गेली, म्हणजे कोणते गुण कोणाचे हे कळेनासं झालं. झिट्झेविट्झ यांनी पुन्हा हिशेब मांडला तेव्हा आपल्या देशाला झुकतं माप देणं कमी न होता वाढलेलं दिसलं. पडदा टाकला की लाज कोणाची वाटणार?

२०१४ मध्ये सोचीत यजमान रशियाच्या ॲडेलिना सोत्निकोव्हाने दक्षिण कोरियाच्या किम यू-नाला २२४.५९ विरुद्ध २१९.११ असं मागे टाकलं, तेव्हा हा पडदा पडलेलाच होता. परीक्षकांत रशियन महासंघाच्या माजी अध्यक्षांची पत्नी होती, आणि पूर्वी गैरप्रकारात निलंबित झालेला एक गृहस्थही होता. सोत्निकोव्हाच्या उड्या जास्त आणि अवघड होत्या, त्यामुळे तांत्रिक गुणांत ती पुढे असणं मला पटतं. कलात्मक बाजूचे गुण किमच्या इतक्या जवळ आले ते मात्र आजही पटत नाही. कोरियाची तक्रार फेटाळली गेली. २०१६ मध्ये नावं पुन्हा उघड झाली.

क्रिकेटने यातलं बरंच निस्तरलं आहे. दोन्ही पंच यजमान देशाचे असत तेव्हा पाहुण्या फलंदाजांना पायचीत जास्त दिलं जाई, हे कसोटींच्या अभ्यासात दिसलं आहे, आणि दोन्ही पंच त्रयस्थ झाल्यावर तो फरक विरला. २००२ पासून कसोटीत दोन्ही मैदानी पंच त्रयस्थ देशांचे आले. पुढे २०२० मध्ये प्रवासबंदीमुळे पुन्हा घरचे पंच उभे राहिले तेव्हा संघांना प्रत्येक डावात एक जादा रिव्ह्यू दिला गेला. पंच कोणाचा हे बदलता येत नसेल तर त्याचा निर्णय तपासायची सोय वाढवा, हा मला सगळ्यात शहाणपणाचा तोडगा वाटतो.

ही सोय असली आणि नसली तर काय होतं, याची दोन उदाहरणं आशियाई स्पर्धांतली आहेत. २०२३ मध्ये हांगझोऊला भारताच्या ज्योती याराजीला १०० मीटर अडथळ्यांत चुकीच्या सुरुवातीबद्दल बाद ठरवलं. तिने तिथेच पडद्यावर चित्रण पाहायला लावलं, आक्षेप नोंदवून धावली, आणि शेवटी यजमान चीनची वू यान्नी बाद होऊन ज्योतीचं कांस्य रौप्य झालं. भालाफेकीत किशोर जेनाच्या एका फेकीवर लाल झेंडा दाखवला गेला, तोही आक्षेपानंतर मागे घेतला. २०१४ मध्ये इंचॉनला आपली बॉक्सर सरिता देवी उपांत्य लढतीत कोरियाच्या पार्क जी-नाविरुद्ध वरचढ दिसत असूनही ३-० ने हरली. आक्षेप घेतला तर तो ऐकूनच घेतला गेला नाही. तिने पदक समारंभात आपलं कांस्य काढून पार्कच्या गळ्यात घातलं, आणि वर्षभराची बंदी तिच्यावरच आली. पार्कचा बिचारीचा यात काय दोष होता, हे खरंच. पण चित्रण दाखवून दाद मागायची सोय असती तर ते पदक सरिताच्या गळ्यातच राहिलं असतं, असं मला वाटतं.

एक मात्र सांगतो, हरणाऱ्याच्या प्रत्येक तक्रारीत तथ्य नसतं. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हा प्रकार आंतरराष्ट्रीय पातळीवर भरपूर चालतो. म्हणून पुढच्या वेळी फिगर स्केटिंगचा निकाल खटकला तर महासंघाने प्रसिद्ध केलेला गुणतक्ता उघडा. त्यात नऊ परीक्षकांचे रकाने असतात आणि कोण कुठल्या देशाचा हेही कळतं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण गाळून सरासरी काढतात, तेव्हा एकट्यादुकट्या परीक्षकाने गुण उधळले तर फारसं बिघडत नाही. यजमानाच्या खेळाडूला तीन-चार रकाने एकदम वर गेलेले दिसले आणि त्याच परीक्षकांनी जवळच्या प्रतिस्पर्ध्याला हात आखडता घेतलेला दिसला, तर तुमच्या शंकेत दम आहे असं मी म्हणेन.