वायरलेस हेडफोन तोच, पण फोन बदलला तर आवाज बदलतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हेडफोन एकच, पण तुमच्या तीन वर्षं जुन्या अँड्रॉइडवर तो बरा वाजतो, भावाच्या आयफोनवर जास्त मोकळा वाटतो आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज पार बसतो. नागपुरात बर्डीवरच्या दुकानदाराने नवा फोन घ्यायला सांगितलं. मित्र म्हणतो, ब्लूटूथ डिजिटल असतं, फोनने काय फरक पडतो? पैसे खर्च करण्याआधी हे वाचा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी फुकटात सुटण्यासारख्या आहेत.

मी धरमपेठेत गाणं शिकवते. काटोल आणि उमरेडच्या काही मुली ऑनलाइन शिकतात, त्यामुळे दिवसातले चार-पाच तास हेडफोन कानावर असतो. तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) किंवा तबल्याची चाट (कडेवरचा टणक आवाज) जराशी बिघडली तरी मला चैन पडत नाही, म्हणून या प्रश्नाच्या मागे मी बरीच लागले होते.

मित्राचं एक म्हणणं अगदी खरं आहे. वायरचा हेडफोन लावतो तेव्हा गाण्याच्या आकड्यांचा विजेच्या लहरींमध्ये बदल फोनच्या आत होतो. ते काम करणाऱ्या चिपला डॅक म्हणतात. तिथे फोनची प्रत सरळ ऐकू येते. ब्लूटूथमध्ये मात्र आकडे रेडिओवरून जातात आणि डॅक, ॲम्प्लिफायर दोन्ही हेडफोनच्या कपात बसलेले असतात. फोनच्या जाहिरातीत ‘हाय-फाय डॅक’ लिहिलं असेल तर ते वायर लावणाऱ्यांसाठी. तुमच्या कामाचं नाही.

पण गाणं आहे तसं हवेतून जात नाही, आणि इथे मित्राचं चुकतं. सीडीचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं), प्रत्येक नमुना १६ बिटचा, असे दोन चॅनल. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट. आपले नेहमीचे ब्लूटूथ हेडफोन एवढं ओझं नीट वाहू शकत नाहीत. म्हणून फोन आधी गाणं उलगडतो, मग त्यातलं कानाला फारसं जाणवणार नाही ते गाळून पुन्हा घट्ट गठडी बांधतो. हेडफोन ती सोडतो आणि वाजवतो. गठडी बांधायच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. ती बांधायचं काम फोनचं, म्हणून आवाज कुठून येतोय याचा संबंध येतोच.

एसबीसी हा कोडेक ब्लूटूथवर गाणी वाजवणाऱ्या प्रत्येक यंत्रात असावाच लागतो. तो सहसा सेकंदाला ३२८ किलोबिटपर्यंत जातो. एएसी बहुतेक ठिकाणी २५०च्या आसपास चालतो, पण दाबण्याची त्याची रीत जास्त हुशार आहे. आयफोन गाण्यांसाठी एसबीसी आणि एएसी एवढेच जाणतो, त्यामुळे एलडॅकवाला महाग हेडफोन आयफोनला जोडला तरी तो एएसीवरच चालतो. एलडॅक सोनीने २०१५ मध्ये आणला आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून तो अँड्रॉइडमध्येच आला. त्याच्या ३३०, ६६० आणि ९९० किलोबिट अशा तीन पायऱ्या आहेत. ॲप्टएक्स क्वालकॉमकडचा, तो फोनच्या चिपवर आणि कंपनीवर अवलंबून असतो. फोन आणि हेडफोन दोघांनाही जमतो तोच कोडेक चालतो. दुसरा कोणताच कोडेक दोघांना जमत नसेल तर दोघे एसबीसीवर उतरतात, आणि तसं झाल्याचं कोणी सांगतही नाही.

भावाचा आयफोन मोकळा वाटतो त्याचं एक कारण इथे असू शकतं. एएसी बांधणारं सॉफ्टवेअर प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये सारखं नसतं. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी वरचे बारीक सूर लवकर कापतात. ॲपलचं एएसी चांगलं म्हणून ओळखलं जातं. म्हणजे दोन्ही फोनवर ‘एएसी’ लिहिलं असलं तरी गठडी बांधणारा हात वेगळा असतो.

आता लॅपटॉप. सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मागच्या वर्षी काटोलच्या एका मुलीचा यमन घेत होते. तिच्याकडे तबल्याचं ॲप चालू होतं. मला मात्र तबला मडक्यात वाजवल्यासारखा येत होता. ‘ना’ आणि ‘ता’ची किनारच नाही, नुसती ढबढब. तंबोऱ्याच्या चार तारांची मिळून एक जाड तार झालेली. मी आधी तिच्या नेटला दोष दिला, मग तिच्या माइकला. बिचारीने दोन वेळा जागा बदलली. शेवटी वर्ग थांबवून मी माझ्याच लॅपटॉपवर साधी गाण्याची फाइल लावली, तर तीही मडक्यातच! मीटिंग बंद केली तशी दोन सेकंदांत फाइल उघडी, स्वच्छ वाजायला लागली.

झालं असं होतं की मीटिंगच्या ॲपने माइक म्हणून माझा हेडफोन धरला होता. जुन्या धाटणीच्या ब्लूटूथमध्ये चांगलं स्टीरिओ गाणं आणि हेडफोनचा माइक एकाच वेळी चालत नाहीत. माइक सुरू झाला की हेडफोन फोन-कॉलच्या मोडमध्ये जातो. तिथे दोन चॅनलचा एक होतो आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० च नमुने उरतात. नमुन्यांच्या निम्म्यापर्यंतचे सूर पोचतात, म्हणजे फार तर ४ किंवा ८ किलोहर्ट्झ. त्यावरचं सगळं गेलं. चाटीची धार, ‘स’ आणि ‘श’चा फरक, झांजेची किणकिण हे सगळं बरंचसं तिथे वरच राहतं. हेडफोन वीस हजारांचा असला तरी कॉलच्या मोडमध्ये तो टेलिफोनच होतो.

उपाय अगदी सोपा आहे. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइकच्या जागी लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि स्पीकरच्या जागी हेडफोन राहू द्या. विंडोज १० मध्ये एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात, एक ‘हँड्स-फ्री’ आणि एक ‘स्टीरिओ’. तुम्हाला स्टीरिओ हवं. दुसऱ्या दिवशी मी हे केलं आणि त्याच मुलीच्या तबल्याला चाट परत आली. तिला विनाकारण बोलले याचं वाईट वाटलं, तिची माफीही मागितली. ऑफिसच्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर आणखी एक गोष्ट: त्यात एएसी नाही, ते विंडोज ११ मध्ये आलं. म्हणजे मीटिंग नसतानाही तो हेडफोन तिथे बहुधा एसबीसीवर चालत असेल.

कोडेकचा फरक खरंच किती ऐकू येतो? मी एकदा रात्री अकरानंतर भाच्याला बसवून बघितलं. आधी कूलर बंद केला. आपल्याकडे नवतप्यात कूलर घरात घरघरत असताना ३३० आणि ९९० मधला फरक शोधणं म्हणजे कानाला उगाच शिक्षा आहे. फाइल माझ्याच रियाजाची, न दाबलेली. सुरुवातीला एक मिनिट नुसता तंबोरा, मग तबल्यासोबत विलंबित. मी डोळे मिटून, भाचा कोडेक बदलतोय. एसबीसी आणि एलडॅकमधला फरक मला बऱ्याचदा ओळखता आला, तोही फक्त तंबोऱ्यात. खर्जाची तार छेडल्यावर तिच्यावरून जे बारीक सूर तरंगत वर जातात, ते एसबीसीवर थोडे वाळूसारखे खरखरीत लागत होते. गळ्यात फरक जवळपास शून्य. एएसी की एलडॅक, हे सांगताना माझा अंदाज नाणेफेकीसारखाच निघाला.

तुम्ही स्वतः असं बघणार असाल तर आवाजाची पातळी दोन्हीकडे सारखी ठेवा. जरासा मोठा वाजणारा फोन कानाला ‘चांगला’ वाटतो. आयफोन मोकळा वाटतो तो यामुळेही असू शकतो. काही अँड्रॉइड फोनवर फोनचा आवाज आणि हेडफोनचा आवाज वेगवेगळे चालतात. तसं असेल तर फोनचा जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त हेडफोनवरून करा.

दोन फोन एकाच कोडेकवर असूनही वेगळे वाजतात, त्यामागे बरेचदा फोनमधले साउंड इफेक्ट असतात. डॉल्बी ॲटमॉस, इक्वलायझर, ‘बास बूस्ट’ ही सगळी प्रक्रिया गठडी बांधायच्या आधी होते, म्हणून ती थेट हेडफोनपर्यंत पोचते. कित्येक फोनमध्ये यातलं काहीतरी पहिल्या दिवसापासून चालू असतं. बंद करून ऐका. मग आवडलं तर पुन्हा लावा, त्यात काही गैर नाही.

गाणं कुठून येतंय तेही बघा. ॲपमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर आधीच दाबलेलं गाणं फोन आणखी दाबतो. स्पॉटिफायच्या ‘व्हेरी हाय’ला ३२० किलोबिट मिळतात, खालच्या पायऱ्यांवर त्याहून पुष्कळ कमी. माझ्या मुलींना मी बंदिशींची रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगते, कारण तशी फाइल जशीच्या तशी जाते. व्हॉइस नोट बोलण्यापुरती बनवलेली आहे, त्यात तंबोरा शोधू नये.

राहिला रेडिओ. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि वायफायचाही मोठा भाग तिथेच आहे. संध्याकाळी सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर गाडी बदलताना शेकडो फोन आजूबाजूला असतात. तिथे ९९० वर ठेवलेला माझा एलडॅक हमखास तुटतो. ६६० वर क्वचितच. अंबाझरीच्या तलावाकडे मात्र गर्दी नसतानाही तुटायचा, याचं मला नवल वाटायचं. घरात लहरी भिंतींवरून उलटून हेडफोनपर्यंत पोचतात. उघड्यावर भिंतच नाही आणि फोन एका बाजूच्या खिशात, हेडफोनचा अँटेना दुसऱ्या बाजूला. मधलं आपलं पाण्याने भरलेलं शरीर त्या लहरी पिऊन टाकतं. फोन त्याच बाजूच्या वरच्या खिशात ठेवला की बरंच थांबतं. जुन्या किंवा स्वस्त फोनचा अँटेना कमजोर असेल तर फरक इथे दिसतो, आणि फोन बदलण्याचं हे एक रास्त कारण आहे.

आता तुम्ही काय कराल? अँड्रॉइडच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये हेडफोनच्या नावाशेजारच्या चाकावर दाबा. तिथे ‘एचडी ऑडिओ’ किंवा ‘एलडॅक’ असं बटण दिसलं आणि ते बंद असेल तर चालू करा. हेडफोन कंपनीच्या ॲपमध्येही ‘ध्वनीला प्राधान्य’ की ‘जोडणीला प्राधान्य’ अशी निवड असू शकते. माझ्याकडे हीच ‘जोडणीला प्राधान्य’वर सरकलेली होती. सध्या कोणता कोडेक चालू आहे हे पाहायचं असेल तर ‘फोनबद्दल’मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर पर्याय उघडतील, त्यात ब्लूटूथ ऑडिओ कोडेक दिसेल. गाणं चालू असताना बघा. हेडफोन एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोघांना जोडलेला असेल तर आधी लॅपटॉप तोडा, कारण बऱ्याच हेडफोनांत दोन जोडण्या असताना एलडॅक मिळत नाही.

एवढं करून फोन एएसी किंवा एलडॅकवर दिसला आणि इफेक्ट बंद असले, तर नुसत्या आवाजासाठी नवा फोन घेऊ नका. तेच पैसे हेडफोनमध्ये घातले तर जास्त ऐकू येतील, कारण पडदा, कप, गादी आणि त्यातलं ट्यूनिंग यांचा फरक कोडेकपेक्षा कितीतरी मोठा असतो. फोन एसबीसीवरच अडकला असेल, सेटिंगनेही हलत नसेल आणि तो तसाही बदलायला झाला असेल, तर मात्र घेताना एलई ऑडिओ (ब्लूटूथवरून आवाज पाठवायची नवी पद्धत) आहे का ते विचारा. २०२० मध्ये जाहीर झालेला एलसी३ कोडेक त्यात चालतो, आणि हेडफोनलाही ते येत असेल तर माइक चालू असताना आवाज मडक्यात जाण्याची कटकट कमी होते.

गाणं चालू असताना डेव्हलपर पर्यायांत कोणत्या कोडेकचं नाव दिसलं ते आणि हेडफोनचं मॉडेल इथेच खाली लिहा. त्या मॉडेलला कोणते कोडेक जमतात ते बघून सांगते.