कोशिंबिरीला सुटलेलं पाणी

प्रश्न : माझं शिक्षण दहावीला सुटलं. यंदा मुलगी अकरावी सायन्सला आहे, म्हणून तिचं बायोलॉजीचं पुस्तक मीही हातात घेतलं. वर्गीकरणाची लॅटिन नावं बघूनच दमले. मुलगी म्हणते, हे पाठच करायचं असतं. खरंच तसं आहे का? सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, पाठांतर लागतं, पण मागाहून. वर्गीकरण तूर्त बाजूला ठेवा आणि पेशीचा धडा उघडा. शिकवत होतो तेव्हा मीही पुस्तकाचा क्रम बिनदिक्कत मोडायचो.

काकडी चिरून मीठ लावलं की थोड्या वेळात पाणी सुटतं. ते पेशींतलं पाणी. पेशीभोवतीच्या पातळ पटलातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ तसं जात नाही. बाहेर मीठ जास्त झालं की पाणी तिकडं जातं. हे परासरण, मुलीच्या भाषेत ऑस्मोसिस. आता बटाट्याच्या दोन चकत्या करा. एक साध्या पाण्यात, दुसरी खाऱ्या. तासाभरानं वाकवून बघा. एक ताठ राहते, दुसरी लुळी पडते. का, ते मुलीनं पुस्तक मिटून सांगायचं.

जमलं, की तिला विचारा: दवाखान्यात साधं पाणी न चढवता ०.९ टक्के मिठाचं सलाईन का लावतात? रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या पाण्यात फुगून फुटतात. बटाट्याची पेशी फुटत नाही, कारण पटलाबाहेर तिला भक्कम पेशीभित्तिका असते. वनस्पती-प्राणी पेशींतल्या फरकाचा तो तक्ता मग घोकावा लागत नाही.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा आयोडीन लावून बघायला मिळेल. केंद्रक दिसेल. त्यात हरितलवक, म्हणजे पानाला हिरवेपणा देणारे पेशीतले कण, मात्र शोधू नका, कांदा मातीत, उजेडाविना पोसतो!

त्यानंतर प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन, दोन्ही एकत्रच वाचा. त्याला आपल्याकडं उसासारखं उदाहरण नाही. साखर कारखान्यात तयार होते असं आपण बोलतो. ती तयार होते उसाच्या पानात, कारखाना फक्त वेगळी काढतो. तोडलेला ऊस पडून राहिला की उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण, घटतो, हे कुठलाही शेतकरी सांगेल. तोडल्यावरही पेशी श्वसन करतात, त्यात साखर खर्ची पडते. शिवाय जंतू ती खातात.

वर्गीकरणाकडं त्यानंतर वळा. ऊस, भात आणि ज्वारी यांची पानं शेजारी ठेवून शिरा बघा, सगळ्या समांतर. तिन्ही एकबीजपत्री, म्हणजे बियात एकच दल असलेली, एकाच गवताच्या कुळातली. त्या कुळाचं नाव पोएसी. एवढं एक लॅटिन नाव पहिल्या महिन्याला पुरे.