सावनेरकडच्या मालगुजारी वाड्याचे दगड झडताहेत. सिमेंटने दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरून घेऊ का?

नका भरू. तुम्हीच लिहिलंय की पुढच्या भिंतीच्या दरजा मागे सिमेंटने भरल्या, तेव्हापासून तिथल्या दगडाचे पापुद्रे जास्त निघताहेत, आणि आता गवंडी मागची भिंतही तशीच करू म्हणतो. कारण यातच आलं.

तुमच्या भागातला तो पिवळसर-तांबूस दगड म्हणजे वालुकाश्म. नागपूर स्टेशनची १९२५ सालची इमारत सावनेरच्याच वालुकाश्माची आहे. (काटोलकडे काळा बसाल्ट लागतो. तो पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे असले लाड त्याला कमी लागतात.) वालुकाश्म पाणी पितो आणि सोडतोही. जुन्या भिंतीत ते पाणी दरजेतल्या चुन्यातून बाहेर पडायचं. चुना दगडापेक्षा मऊ, म्हणून झीज त्याची व्हायची. झिजला की खरवडून नवा भरायचा. सिमेंट टणक आणि बंद, त्यामुळे पाण्याला दगडाच्या तोंडातूनच निघावं लागतं. सोबत क्षार येतात, उन्हाळ्यात पाणी दगडाच्या आतच सुकतं, क्षारांचे खडे बनतात आणि वरचा थर ढकलून पाडतात. भिंतीवरची पांढरी पूड, म्हणजे लोणा, त्याचीच खूण.

पण दरजांना हात लावायच्या आधी पाणी कुठून येतं ते बघा. बहुतेक वाड्यांत मला दोनच चोर सापडतात: फुटलेली पन्हाळ आणि भिंतीला चिकटवून ओतलेलं अंगणातलं काँक्रीट. ओल जमिनीतून वर यायला लागली की तिला अंगणात वाट नाही, मग ती भिंतीत चढते. जोत्यालगतची फूट-दीड फुटाची पट्टी फोडा, त्यात गिट्टी भरा, उतार भिंतीपासून बाहेर ठेवा. एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो, आणि खर्च मामुली.

मग दरजा. जुनं सिमेंट छिन्नी-हातोडीने हळूहळू काढायचं. ग्राइंडर लावू देऊ नका, चिऱ्याच्या कडा कायमच्या जातात. दरजेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट, निदान इंचभर खोल मोकळं करा, धुवा, ओलं ठेवा आणि चुना दाबून भरा. कळीचा चुना (भाजलेल्या चुनखडीचे खडे) पाण्यात विरवून, मुरवून घेतलेला. त्याच्या एका भागाला वाळू आणि सुरखी (विटांची पूड) मिळून तीन भाग. चुन्यात घालायच्या बेलफळ, गूळ, उडदाचं पाणी यांच्या पाककृती हल्ली सगळेच सांगतात. त्यांना माझा विरोध नाही, पण चुना नीट मुरला नसेल आणि वरून ओलं गोणपाट टांगलं नसेल तर गूळ काही करणार नाही बाप्पा. म्हणूनच हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. एप्रिल-मेमध्ये नागपूरच्या उन्हात चुना धरायच्या आतच वाळतो आणि भुगा होतो.

ज्या चिऱ्याचं तोंड पार गेलंय तोच बदला. नवा दगड त्याच जातीचा घ्या आणि त्याचे थर खाणीत होते तसे आडवेच बसवायला सांगा. थर उभे, भिंतीला समांतर बसले तर दगड वहीच्या पानांसारखा सुटत जातो. कमानीत किंवा छज्ज्यात गंजलेली लोखंडी पट्टी सापडली तर ती काढून स्टेनलेस स्टीलची घाला. गंज फुगतो आणि दगड फोडतो.

वाळूचा मारा, ॲसिड, 'वॉटरप्रूफ' सिलिकॉन या तिन्हींना सरळ नाही म्हणा. भिंतीवरच्या त्या पांढऱ्या पुडीवर साध्या पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा थापा, वाळला की काढा, पुन्हा थापा. कंटाळवाणं आहे, पण क्षार बाहेर येतात.

गवंडी निवडताना दर विचारण्याआधी मागच्या भिंतीवर हातभर चौरस नमुना करून मागा, आणि तो एक पावसाळा काढू द्या. जो यालाच तयार नाही त्याला वाडा देऊ नका.