सोळाबारा घाटात दम टाकते? पंप खोलायच्या आधी टाकीचं झाकण उघडून बघा

भाऊ, अठरा हजार आत्ताच देऊ नका.

तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही उलगडा होईल. १९९७ची टाटा १६१२ ट्रक, साधा लाइन पंप, म्हणजे डिझेल दाबानं नोझलला पोचवणारा मोठा पंप. जालन्याहून दहा टन सळई भरून लातूरला जाता. बीडपर्यंत काही त्रास नाही, पण मांजरसुंब्याचा घाट लागला की अर्ध्यावर ॲक्सिलेटर दाबूनही गाडी ओढत नाही, फुरफुर करते आणि बंद. काळा धूर नाही. दहा मिनिटं थांबून हँडप्रायमर (हातानं डिझेल ओढायची मूठ) मारला की पुन्हा चालू. येताना रिकामी असली की तक्रारच नाही. पंपवाले म्हणायलेत, पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारतात ती) सगळं खोलू, अठरा हजार लागतील.

यातल्या दोन गोष्टी मला बोलक्या वाटतात. पहिली, काळा धूर नाही. एअर फिल्टर तुंबला असता तर हवा कमी, डिझेल जास्त, आणि घाटात वीटभट्टीसारखा धूर निघाला असता. म्हणजे हवा पुरते, डिझेलच पोचत नाही. दुसरी, दहा मिनिटांत बरी होते. पंपाचं एलिमेंट, म्हणजे आत दाब तयार करणारा भाग, झिजलं असेल तर ते रस्त्याच्या कडेला विसावा घेऊन भरून येत नाही. झिजलेल्या पंपाचं लक्षण वेगळं असतं. सकाळी थंड गाडी लागते, पण ढाब्यावर जेवून आलात की गरम गाडी सेल्फ मारून मारून बॅटरी बसेपर्यंत लागत नाही. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या जागेतून निसटतं, आणि सेल्फच्या मंद फेऱ्यांत दाबच तयार होत नाही. तुमचं तसं नाही. थांबल्यावर आपोआप बरा होणारा आजार बहुतेक वेळा टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे ढकलणारा छोटा पंप) या दहा फुटांतच असतो.

हे मी एवढ्या खात्रीनं सांगतोय कारण याच घाटात आमच्या गाडीनं मला दोन हंगाम रडवलंय. वडलांची १२१० ट्रक होती. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर सोडायच्या आणि हंगाम उठला की सरकी, सोयाबीन, मिळेल ते. बीड सोडून बालाघाटाची चढण सुरू झाली की तिसऱ्या-चौथ्या वळणावर गाडी उभी. एका मिस्त्रीनं फिल्टर बदलले. दुसऱ्या गावातल्या एका नावाजलेल्या पंपवाल्यानं पंप उतरवला, चार दिवस ठेवून घेतला, बिल लावलं. गाडी परत त्याच वळणावर! वडील म्हणाले, या जागेलाच काहीतरी आहे, नारळ फोडू. फोडलाही.

शेवटी चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्या ड्रायव्हरनं विचारलं, "टाकीचं झाकण उघडल्यावर फुस्स होतंय का रे?" होत होतं. रोज होत होतं, पण आम्हाला ते नेहमीचंच वाटायचं. झाकण काढून बघितलं तर खताच्या पोत्यात आत असतो तो प्लास्टिकचा कागद झाकणाखाली पॅकिंग म्हणून घातलेला. डिझेल हिंदकळून बाहेर येतं म्हणून आमच्याच क्लीनरनं ती अक्कल लढवली होती. झाकणाला श्वास घ्यायला बारीक भोक असतं, ते त्या कागदानं बंद झालं. डिझेल जाईल तितकी हवा आत यायला पाहिजे. ती आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि फीड पंप थकतो. सपाटीवर डिझेल कमी लागतं म्हणून निभावतं. घाटात भरली गाडी दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलेटर पूर्ण, तेव्हा उघडं पडतं.

कागद काढला, चार दिवस गाडी मस्त पळाली. पाचव्या दिवशी परत तेच. मग मात्र टाकी उतरवली. तळातून हाताच्या पंजाएवढा तुकडा निघाला, पिवळा पडलेला, सुरकुतलेला. त्याच कागदाचा फाटून आत पडलेला भाग. गाडी जोरात डिझेल ओढायला लागली की तो सक्शन पाइपाच्या तोंडाला चिकटायचा. इंजिन बंद झालं की ओढ थांबली, तुकडा सुटला, तरंगत बाजूला. दहा मिनिटांनी गाडी चालू. पंपवाल्याच्या चार दिवसांत हे कळणं शक्यच नव्हतं, कारण त्याच्या पंप तपासायच्या टेस्ट बेंचला आमची टाकी जोडलेली नव्हती.

तेव्हा तुमचं पहिलं काम फुकटचं. टाकी अर्धी असताना, म्हणजे सांडणार नाही, झाकण सैल ठेवा, वरून कापड बांधा आणि भरली गाडी घाट चढवा. चढली तर झाकणाचं भोक तारेनं साफ करा, विषय संपला.

नाही चढली तर कॅनचा प्रयोग. मला विचाराल तर सगळ्या तपासणीत याच्याइतकी कामाची दुसरी नाही, आणि मिस्त्री लोक ती का करत नाहीत हे एक कोडंच आहे. दहा लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, गाळलेलं डिझेल भरा, फीड पंपापेक्षा वरच्या जागी दोरीनं घट्ट बांधा. सायलेन्सर आणि मॅनिफोल्डपासून लांब, हे विसरू नका. टाकीकडून येणारा पाइप फीड पंपावरून सोडा आणि त्या जागी कॅनमधून नवा रबरी पाइप जोडा. आता इथं सगळे चुकतात ते असं, की रिटर्नचा पाइप, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणारा, टाकीतच राहू देतात. मग कॅन पाच-सात किलोमीटरला रिकामा होतो, गाडी बंद पडते आणि वाटतं की पंपच गेला. रिटर्न पण कॅनमध्येच सोडायचा. घाटापुरतं दहा लिटर भरपूर झालं. कॅनवर गाडी बिनतक्रार चढली, तर फीड पंपापासून पुढचं सगळं निर्दोष सुटलं. पंप, नोझल, फिल्टर, कशालाही हात लावायचा नाही. कॅनवरही तशीच बंद पडली तर मागचं सगळं निर्दोष.

समजा दोष मागे निघाला. इथं एक गोष्ट डोक्यात पक्की बसली पाहिजे. फीड पंपाच्या पुढे डिझेल ढकललं जातं, तिथं कुठं फट असेल तर ओल दिसते, धूळ चिकटते, डाग पडतो. फीड पंपाच्या मागे डिझेल ओढलं जातं. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून गळती कोरडी असते. लोक टॉर्च लावून ओला डाग शोधत बसतात आणि "कुठंच लिकेज नाही" म्हणून पंपाकडे वळतात. कोरडं दिसतंय म्हणजे ठीक आहे असं नाही.

ही हवा डोळ्यांनी बघायची असेल तर गवंडी लोक लेव्हलला वापरतात ती पारदर्शक नळी फूटभर घ्या, फीड पंपाच्या अलीकडे क्लिप लावून जोडा आणि गाडी रेस करा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे जातील, ते सोडून द्या. पण रेस वाढवल्यावर सोड्याच्या बाटलीसारखी रांग लागली तर मागे हवा घेतेय. नळी तपासणीपुरतीच, कायमची ठेवू नका, डिझेलनं कडक होऊन चिरते. आणि बुडबुडा एकही नाही, पण नळी चपटी होऊ लागली, तर हवा नाही, मागे कुठंतरी तुंबलंय.

हवा घेत असेल तर चेसिसला क्लिप असते तिथं लोखंडी पाइप घासून बारीक झालाय का ते बोट फिरवून बघा. मग बँजो बोल्टचे (पाइप जोडायचा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर. एकदा दाबून बसलेला वॉशर तसाच परत लावला की धरत नाही. नवा नसेल तर गॅसवर लाल करून पाण्यात टाका, तांबं मऊ होतं आणि परत चपखल बसतं. हँडप्रायमरची मूठ खाली पूर्ण आवळलेली आहे का तेही बघा. त्याच्या आतलं पॅकिंग गेलं तरी तिथून हवा शिरते.

तुंबलं असेल तर पाइप दोन्हीकडून सोडून हवा मारा. फीड पंपाकडून टाकीकडे मारायची, झाकण उघडं ठेवून, टाकीत गुडगुड आवाज आला पाहिजे. रबरी पाइपावर मात्र विश्वास ठेवू नका. वरून नवाकोरा दिसतो आणि आतलं अस्तर सुटून जिभेसारखं लोंबतं. ओढ लागली की ती जीभ तोंड बंद करते, ओढ थांबली की परत उघडते. तुमच्या गाडीचं वागणं बघता झाकणानंतर माझा दुसरा संशय हाच.

टाकीचा खालचा बोल्ट सोडून अर्धा लिटर डिझेल काचेच्या बाटलीत काढा आणि उन्हात ठेवून द्या. तळाला पाण्याचा थर किंवा गंजाचा गाळ बसला तर टाकी उतरवून धुवावीच लागेल. आपल्याकडे हंगाम संपला की गाड्या जूनपासून चार महिने अर्ध्या टाकीवर उभ्या असतात, पावसाळ्याची दमट हवा आत थंडावून पाणी धरते. उभी करायची तर टाकी भरून उभी करा. टाकीला डाग मारायचा असेल तर आधी धुऊन पूर्ण हवेशीर केल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला हात लावू देऊ नका. डिझेल सांडून रिकामी झालेली टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट, आतली वाफ स्फोट करते.

आता कॅनवरही बंद पडली तर काय. आधी दोन माणसांचं काम: एकानं केबिनमध्ये ॲक्सिलेटर पूर्ण दाबायचा, दुसऱ्यानं पंपावरचा लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकतो का बघायचं. जुन्या गाडीत लिंकेजचे बुश झिजून पायाचा दाब वाटेतच संपतो. इंजिन बंद करायची स्टॉपची वायर गंजून अर्धवट ओढलेली राहिली तरी गाडी भरल्यावर ओढत नाही. मी स्वतः एका नातेवाइकाच्या गाडीत हे पकडलंय, खर्च एका कॉटर पिनचा.

मग फिल्टर. दोन बाउल (फिल्टरचे डबे) असतात, दोन्हीतले बदला. जुनं रबरी रिंग वरच्या खाचेत काळं होऊन चिकटून बसतं, दिसत नाही, आणि त्याच्यावरच नवीन रिंग बसवली जाते. मग दिवसभर गाडी ठीक, पण रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरतं, त्या जागेतून हवा शिरते आणि सकाळी प्रायमर मारल्याशिवाय लागत नाही. खाचेत बोट, नाहीतर जुना स्क्रू ड्रायव्हर फिरवून खात्री करा.

त्यानंतर ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, ज्याकडे फारसं कुणी बघत नाही. रिटर्नच्या बोल्टमध्ये छर्रा आणि स्प्रिंग असते. तिच्यामुळे पंपाच्या गॅलरीत, म्हणजे आत डिझेल साठतं त्या जागेत, एक-दीड बारचा दाब टिकतो. स्प्रिंग बसली, किंवा कुणा मिस्त्रीनं हरवलेल्या बोल्टच्या जागी साधा बँजो बोल्ट लावून दिला, की फीड पंप आणतो ते सगळं रिटर्नला वाहून जातं आणि भरल्या गाडीला उरत नाही. रिटर्नचा रबरी पाइप क्षणभर पकडीनं दाबून बघा. इंजिन लगेच भरून आलं तर चोर सापडला.

कुठलाही पाइप सोडला की हवा काढणं आलंच. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, प्रायमर मारत राहा. आधी मूठ मोकळी मोकळी जाते, मग फेस येतो, मग स्वच्छ धार, आणि मुठीला जड लागायला लागतं. स्क्रू आवळा, मग दुसरा बाउल, मग पंपावरचा स्क्रू. घाई करून फेस असतानाच आवळलं की परत पहिल्यापासून. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांच्या वर एकदम मारू नका.

नोझल बघायची तर गाडी स्लोवर ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट अर्धा आटा सैल करा. आवाज बदलला तर ते सिलिंडर काम करतंय, नाही बदलला तर तेच आजारी. पण पाइपाच्या तोंडासमोर बोट धरू नका. नोझलचं डिझेल शंभराच्या वर बार दाबानं येतं, कातडीतून आत घुसतं. वरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, तरी दवाखान्यात लगेच जावं लागतं, नाहीतर बोट जातं.

डिझेलमध्ये इंजिन ऑइल टाका असंही तुम्हाला कुणीतरी सुचवलंय. टाकू नका. एप्रिल २०२०पासून बीएस-सहाचं डिझेल आलं, गंधक ५० पीपीएमवरून १० वर गेलं, आणि जुन्या पंपाला वंगण कमी पडतं अशी भीती तेव्हापासून पसरलीय. गंधक काढताना जे वंगण जातं ते रिफायनरीतच ॲडिटिव्ह घालून भरून काढतात.

इतकं करूनही दम टाकत राहिली तर पंप उतरवा, पण आधी फीड पंप एकटाच तपासून घ्या. त्यात दोन व्हॉल्व्ह आणि एक स्प्रिंग असते, कचऱ्याचा कण अडकला तरी अर्धं काम करतो. आणि मोठा पंप खोललाच तर बेंचवर तुमच्यासमोर बसवून घ्या, खोलण्याआधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहून मागा.

आधी मात्र झाकण. उद्या जालन्याहून निघताना झाकण उघडून कान द्या, फुस्स झालं का नाही ते इथंच सांगा, मग पुढचं बघू.