गावात राहून इंडी गाणी शोधायची कशी, आणि दुसऱ्याच्या गळी उतरवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या गावात राहता, दोन वर्षांपासून इंडी गाण्यांचं वेड लागलंय, पण ॲप फिरून फिरून तेच पुढ्यात टाकतं आणि मित्रांना पाठवलेल्या लिंका कोणी उघडूनसुद्धा बघत नाही. आणि शेवटी विचारलंय, ‘मी चुकीच्या जागी जन्माला आलोय का?’

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. मी देवगडचा. घरची थोडी कलमं आहेत. मार्च ते मे आमच्या आणि शेजारच्या दोन-तीन घरांच्या आंब्याच्या पेट्या वाशीला पोचवायला पिकअप घेऊन मीच जातो. गेल्या सात-आठ वर्षांत जेवढं नवं ऐकलं त्यातलं निम्मं त्या गाडीत, रात्री, फोंडाघाट ते पुणे. घाट लागला, दाजीपूरचं जंगल सुरू झालं की रेंज जाते. मग फोनमध्ये आधीच उतरवून ठेवलेलं असेल तेवढंच. त्यामुळे मला निवडून ऐकायची सवय लागली, आणि खरं सांगायचं तर मुंबईच्या माझ्या भावंडांपेक्षा मी जास्त ऐकतो. त्यांना सगळंच मिळतं, म्हणून ते काहीच शेवटपर्यंत ऐकत नाहीत.

इंडी म्हणजे हळू आवाजात गिटार घेऊन गायलेलं इंग्रजी-हिंदी दुःख, असा एक समज झालाय. तसं काही नाही. कंपनीच्या पैशांशिवाय, स्वतः रेकॉर्ड करून स्वतः बाहेर काढलेलं ते इंडी. मग चाल कसलीही असो. आपल्याच किनाऱ्यावर रेमो फर्नांडिसने 1984 साली शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोवन क्रेझी’ हा अल्बम एकट्याने केला, वाद्यं त्याची, आवाज त्याचे, आणि कॅसेटी स्कूटरवर टाकून गोव्यातल्या दुकानांत स्वतः नेऊन दिल्या. तुमच्या भागातले शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन गटांत रंगणाऱ्या सवाल-जवाबाच्या गाण्यांचे, शाहीर तरी वेगळं काय करतात? गाणं स्वतः रचायचं, चाल स्वतः लावायची, पूर्वी कॅसेट काढायचे, आता यूट्यूबवर चढवतात. त्यांना कोणी इंडी म्हणत नाही एवढंच.

आता शोधण्याबद्दल. ॲपला शिव्या घालू नका, त्याला जेवढं सांगाल तेवढंच त्याला कळतं. तुम्ही एक गाणं ऐकलंत की ते त्याच्यासारखं दुसरं देतं, दुसऱ्यासारखं तिसरं. विहिरीभोवती फिरल्यासारखं होतं. मी काय करतो, गाणं आवडलं की शेजारच्या तीन टिंबांवर दाबून क्रेडिट्स बघतो. गायकाच्या नावात मला फारसा रस नसतो. ढोलकी कोणी वाजवली, बेस कोणाचा, मिक्सिंग कोणी केलं, ही नावं वहीत लिहितो. (हो, वहीत. पेट्यांच्या हिशेबाच्या वहीची मागची पानं.) आपल्याकडचं हे जग फार लहान आहे. एकच ड्रमर तीन-तीन बँडमध्ये असतो. त्याचं नाव शोधलं की असे दोन बँड सापडतात जे ॲपने तुम्हाला जन्मात दिले नसते, कारण त्यांचा बाज पहिल्याशी जुळतच नाही. माणूस मात्र तोच.

दुसरी जागा बँडकॅम्प. कलाकार आपले अल्बम जिथे थेट ऐकणाऱ्यांना विकतात अशी ही साइट 2008 पासून आहे, आणि इंडी ऐकणाऱ्याने तिथे खातं काढलं नाही तर मला आश्चर्य वाटेल. अल्बमच्या पानावर, चित्राच्या आसपास, छोटे छोटे चौकोनी फोटो दिसतात. ज्यांनी तो अल्बम विकत घेतला त्यांचे. त्यातल्या एकावर दाबलं की त्या माणसाने आजवर घेतलेलं सगळं समोर येतं. अनोळखी माणसाच्या घरी जाऊन त्याचं कॅसेटींचं कपाट उघडून बघावं, तसं. पुण्याच्या एका बँडचा अल्बम फक्त अकरा जणांनी घेतला होता. त्यातला एक पोर्तुगालचा. पुण्यातल्या पोरांचं गाणं ह्याच्यापर्यंत कसं पोचलं म्हणून मी त्याचं कपाट उघडलं, आणि तिथे शिलाँगचा एक बँड मिळाला जो आज माझा सगळ्यात लाडका आहे. त्या पोर्तुगीजाशी मी कधी एक शब्द बोललेलो नाही, पण दर महिन्याला त्याने काय घेतलं ते बघून येतो.

पैशाचंही तिथे स्वच्छ आहे. डिजिटल विक्रीत साइट साधारण 15 टक्के ठेवते, बाकीचे, पेमेंटचा खर्च वजा जाता, कलाकाराला. 2020 च्या मार्चमध्ये, लॉकडाऊन लागत होता तेव्हा, त्यांनी एका शुक्रवारी स्वतःचा वाटा सोडला, आणि ‘बँडकॅम्प फ्रायडे’ ही प्रथा पडली. मी पेट्यांचे पैसे आले की अशाच एखाद्या शुक्रवारी तीन-चार अल्बम घेतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार आधी चालू करा. मला हे माहीत नव्हतं, दोन वेळा कार्ड नाकारलं गेलं आणि मी साइटला दोष देत बसलो होतो.

इंटरनेट रेडिओही ऐकत जा. दिल्लीचं बॉक्सआउट एफएम 2017 मध्ये सुरू झालं. एखाद्या माणसाने तासभर बसून लावलेली गाणी ऐकताना त्याची आवड हळूहळू कळत जाते, आणि मग त्याने लावलेलं न आवडणारं गाणंसुद्धा आपण पुन्हा ऐकून बघतो.

आता तुमचं खरं दुखणं, लिंका. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, तो किस्सा सांगतो.

चार-पाच वर्षांपूर्वीचे गणपती. वाडीचं भजन घरोघर फिरतं, त्या रात्री आमच्याकडची पाळी. भजन संपलं, काळ्या वाटाण्याची उसळ आणि चहा झाला, माणसं ओटीवर निवांत बसलेली. मुंबईहून आलेल्या चुलतभावाकडे मोठा ब्लूटूथ स्पीकर होता. मला वाटलं, एवढी माणसं आयती समोर बसलीत, ऐकवूया. आणि मी लावलं काय, तर अकरा मिनिटांचं, एकही शब्द नसलेलं, एका गिटारच्या एका सुरावर तीन मिनिटं थांबणारं काहीतरी. मला त्या तीन मिनिटांत समुद्र दिसायचा. दुसऱ्या मिनिटाला आजीने विचारलं, “स्पीकर बिघडलो काय रे?” चौथ्या मिनिटाला ओटीवर मी, चुलतभाऊ आणि गणपती.

गाणं वाईट नव्हतं, आजही ऐकतो. पण दोन तास पखवाज आणि टाळ ऐकून उठलेल्या कानांना ते देणं म्हणजे जेवण झाल्यावर पेज वाढण्यासारखं. आणि ते मी कोणासाठी लावलं होतं? त्यातल्या एकाही माणसाचा विचार करून नाही. मला आवडतं ते सगळ्यांना दाखवायची खाज, बस. तुम्ही ग्रुपवर लिंक टाकता ना, ते हेच. वीस जणांना एकदम पाठवलेलं गाणं कोणालाच पाठवलेलं नसतं.

पुढच्या सीझनला एका फेरीत सोबतीला आमचे भजनीबुवा आले. त्यांना वाशीला मुलीकडे जायचं होतं. घाट चढेपर्यंत घोरत होते. मी आपलं माझं लावून ठेवलेलं. त्यात मुंबईच्या अभंग रीपोस्टचं एक गाणं आलं. ही मंडळी संतांचे अभंग गिटार, ड्रम्स घेऊन गातात. बुवा डोळे न उघडता म्हणाले, “कोणाची बारी ही?” म्हणजे, कोणत्या बुवांचं भजन.

मी सांगितलं, बारी नाही बुवा, बँड आहे. ते सरळ बसले. “परत लाव.” परत लावलं. मग गुडघ्यावर ठेका धरला आणि मला समजावायला लागले की इथे गजर, म्हणजे नामाचा घोष, चढवायला हवा होता, पोरांनी घाई केली, इथे मात्र बरोबर धरलंय. मी ते गाणं पन्नास वेळा ऐकलं होतं, पण अभंग कुठे संपतो आणि ते गजरासारखे कुठून उठतात हे मला त्या रात्री निपाणीच्या अलीकडे कळलं. तीनदा ऐकून झाल्यावर बुवांचा निकाल: “ड्रमवालो बरो आसा. पण टाळ खय?” चहाला थांबलो तेव्हा म्हणाले, “माका ह्या पेनड्राइव्हात घालून दी.”

त्यांचा फोन बटणांचा. घरी एक लाल छोटा स्पीकर आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. इथे मी अडलो. विकत घेतलेलं गाणं असं दुसऱ्याला वाटून द्यायचं का? माझ्याकडे पुण्याच्या एका बँडचा विकत घेतलेला अल्बम होता, त्यातलं एक गाणं बुवांना आवडेल असं वाटत होतं. मी सरळ त्या बँडला मेसेज टाकला, असे असे आमचे बुवा आहेत, देऊ का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, ‘खुशाल द्या, फक्त नाव सांगा आमचं.’ तेव्हापासून पेनड्राइव्हभोवती कागदाची चिठ्ठी गुंडाळून रबर लावून देतो. चिठ्ठीवर बँडचं नाव, गाव आणि कोण काय वाजवतं. आणि दर वेळी विचारून. पुष्कळ जण आनंदाने हो म्हणतात. इंडियन ओशनसारख्या मोठ्या बँडनेही 2010 मध्ये ‘16/330 खजूर रोड’ या अल्बमची गाणी महिन्याला एक अशी फुकट वाटली होती, पण ते त्यांनी ठरवून केलं. आपण परस्पर ठरवायचं नाही.

तेव्हा तुम्ही असं करून बघा. एक माणूस डोळ्यांसमोर आणा, मग गाणं शोधा. तुमचा मित्र आंदोलनांत पुढे असतो का? त्याला स्वदेसी या मुंबईच्या रॅप गटाचं ‘द वारली रिव्हॉल्ट’ द्या. 2019 चं आहे, मुंबईतल्या आरेच्या जंगलातल्या आदिवासींचं म्हणणं त्यात आहे, आणि रॅपच्या जोडीला प्रकाश भोईर या तिथल्याच माणसाचा आवाज. कोणाला फक्त नाचायला हवंय? त्याला ‘तांबडी चामडी’ आधीच पाठ असणार. क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकरचं 2024 चं हे गाणं एका डच लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीकडून, आलं, म्हणजे काटेकोर बोलायचं तर इंडी नव्हे, पण ‘मराठीत हाऊस म्युझिक (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) चालतं’ हे एकदा पटलेल्या माणसाला त्याच्या मागचं बरंच काही ऐकवता येतं. भांडत बसू नका त्याच्याशी.

लिंक यूट्यूबची द्या, ती प्रत्येकाच्या फोनवर उघडते. सोबत एकच ओळ लिहा, तीसुद्धा त्याच्याबद्दल. ‘भारी गाणं आहे’ असं नको. ‘दीड मिनिटाला जो पखवाज येतो तो तुझ्या काकांच्या हातासारखा वाटला’ असं काहीतरी. आणि दुसऱ्या दिवशी ‘ऐकलंस का?’ विचारू नका. माझ्या एका मित्राने मी दिलेलं गाणं सात महिन्यांनी ऐकलं, बायको माहेरी गेली होती म्हणून.

वाटत असेल की गावातल्या चार माणसांना ऐकवून त्या कलाकाराला काय मिळणार. हिशेब करा. 2024 पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत किमान 1000 वेळा ऐकलं न गेलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगच्या रॉयल्टीचा रुपयाही निघत नाही. मोठ्या गायकाला हजार म्हणजे काहीच नाही. पण नव्या पोरांची कितीतरी गाणी सातशे-आठशेवर अडकलेली असतात. वाडीतल्या वीस जणांनी वर्षात पन्नास-पन्नास वेळा ऐकलं की हजार झाले. पन्नास वेळा फार वाटत असेल तर बुवांना विचारा. त्यांनी लाल स्पीकरवर ऐकलेलं कुठेच मोजलं जात नाही, ही वेगळी गोष्ट. म्हणून त्यांच्या वाटचं मी विकत घेतो.

एक राहिलं. पावसाळ्याआधी सगळं डाउनलोड करून ठेवा. तुमच्याकडेही आमच्यासारखंच असणार, लाईट जाते आणि टॉवरची बॅटरी संपली की रेंजही जाते. गेल्या जूनमध्ये तीन दिवस असे गेले. फोनमध्ये दोनच अल्बम होते, त्यातला एक मला अजिबात आवडत नव्हता. आता आवडतो.